८९ नंबरची जर्सी

फेब्रुवारी १९९३. बफेलो सेबर्स संघाचा उजवा विंगर अलेक्झांडर मोगिल्नी याने हंगामातला पन्नासावा गोल केला, तेव्हा तो स्वतःचा सेहेचाळिसावा सामना खेळत होता. पन्नास सामन्यांच्या आत पन्नास गोल ही आइस हॉकीतली फार दुर्मीळ गोष्ट. १९४४-४५ च्या हंगामात मॉरिस रिचर्डने ती पहिल्यांदा करून दाखवली, पुढे माइक बॉसी, वेन ग्रेट्झ्की, मारिओ लेम्यू आणि ब्रेट हल यांनी. नॅशनल हॉकी लीगच्या विक्रमांच्या यादीत ही पाचच नावं आहेत. मोगिल्नी नाही. कारण लीग मोजते ते संघाचे सामने, खेळाडूचे नव्हेत. मधले काही सामने मोगिल्नी खेळला नव्हता आणि त्याने पन्नासावा गोल मारला तो सेबर्सचा त्रेपन्नावा सामना होता.

नियम म्हणून यात खोट काढता येत नाही. पण या माणसाची कारकीर्द चाळू लागलं की असं पुन्हा पुन्हा होताना दिसतं. त्याने कमावलेलं काही ना काही कारणाने त्याच्या खात्यावर जमा होत नाही. सोव्हिएत लष्कराने त्याच्या नावापुढे वजाबाकीच मांडली, अमेरिकन लीगने अर्धंमुर्धं जमा केलं, आणि हॉकीतल्या मोठ्या खेळाडूंची नोंद ठेवणाऱ्या हॉल ऑफ फेमने सोळा वर्षं वही उघडलीच नाही. तो मात्र यातल्या कुणाशीही हुज्जत घालायला गेला नाही. त्याने आयुष्यात एकदाच हिशेब मागितला, तोही पाठ फिरवून.

मोगिल्नीचा जन्म १८ फेब्रुवारी १९६९ चा, खाबारोव्स्कचा. अमूर नदीकाठचं हे शहर रशियाच्या अगदी पूर्व टोकाला, चीनच्या सीमेला खेटून आहे. ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने मॉस्कोहून निघालं तर साडेआठ हजार किलोमीटर. मॉस्कोत सकाळचे नऊ वाजलेले असतात तेव्हा तिथे दुपारचे चार. इतक्या लांबच्या गावातलं एखादं पोर हॉकीत चमकलं तर त्याची बातमी राजधानीला पोचायची ती एकाच ठिकाणी, लष्कराच्या मध्यवर्ती क्रीडा क्लबात, म्हणजे त्स्स्कामध्ये. अजून मिसरूड फुटायची असताना मोगिल्नी तिथे दाखल झाला.

त्स्स्का हे प्रकरण समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. आपल्याकडे कबड्डीपटू रेल्वेत किंवा पोलिसात नोकरीला असतो, हजेरीपटावर नाव तिथलं आणि घाम मैदानावरचा, हे आपल्याला ठाऊक आहे. त्स्स्काचा खेळाडू तसाच कागदोपत्री सैनिक असायचा. फरक एवढाच, की आपला कबड्डीपटू राजीनामा देऊ शकतो. सोव्हिएत संघात लष्करी सेवा सक्तीची. त्यामुळे देशभरातल्या कोणत्याही क्लबातला चांगला खेळाडू भरतीच्या वयाचा झाला की त्स्स्का त्याला उचलू शकत असे. त्याला हुद्दा द्यायचा, गणवेश द्यायचा, की विषय संपला. १९७७ ते १९८९ अशी सलग तेरा वर्षं सोव्हिएत विजेतेपद या एका क्लबाकडे राहिलं, त्यामागे प्रशिक्षक विक्टर तिखोनोव्ह यांची बुद्धी होतीच, पण ही भरतीची कळही होती.

तिखोनोव्ह स्वतः लष्करात वरच्या हुद्द्यावर. राष्ट्रीय संघही त्यांच्याच ताब्यात. खेळाडूंना वर्षातले दहा-अकरा महिने मॉस्कोबाहेर अर्खान्गेल्स्कोयेच्या तळावर ठेवायचं, बायकामुलांना भेटायला सुट्टी मोजून द्यायची, सरावाचे तास सकाळ-संध्याकाळ. यातून जगाने पूर्वी न पाहिलेली हॉकी निर्माण झाली, हे कबूल करावंच लागतं. पाच जण एकमेकांकडे न बघता पास देताहेत, पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, कुठे असणार हे आधीच ठरल्यासारखं घडतंय, अशी ती हॉकी. क्रुतोव्ह, लारिओनोव्ह आणि माकारोव्ह ही तिखोनोव्ह यांची गाजलेली फळी. ऑक्टोबर १९८८ मध्ये याच फळीतल्या इगोर लारिओनोव्हने ‘अगन्योक’ या साप्ताहिकात तिखोनोव्ह यांना उघड पत्र लिहिलं आणि तळावरच्या या जिण्याचे वाभाडे काढले. पेरेस्त्रोइकाचे दिवस होते म्हणून ते छापून तरी आलं.

आपल्याकडे त्या काळात गुळगुळीत कागदाची सोव्हिएत मासिकं घरोघर यायची, पुठ्ठ्याच्या जागी त्यांची पानं वह्यांना चढायची. त्यात हसऱ्या खेळाडूंचे फोटो भरपूर. तळाचं कुंपण कोणत्याच पानावर नसे.

लारिओनोव्हची पिढी तिशीला आली होती. तिच्या जागी तिखोनोव्ह यांनी नवी फळी तयार केली होती. मधे सर्गेई फेदोरोव्ह, एका बाजूला पावेल बुरे, दुसऱ्या बाजूला मोगिल्नी. तिघांमध्ये मोगिल्नी थोरला, आणि सगळ्यांत आधी मोठ्यांत खेळलेला. १९८८ च्या फेब्रुवारीत कॅलगरीच्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा संघात हा मुलगा होता. त्याचा एकोणिसावा वाढदिवस स्पर्धा चालू असतानाच झाला. त्याच वर्षीच्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत तो सर्वोत्तम आघाडीपटू ठरला. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९८८ ते जानेवारी १९८९ या काळात, अलास्कातल्या अँकरेज इथे झालेली ज्युनिअर स्पर्धा या तिघांनी मिळून जिंकून दिली. प्रेक्षकांत नॅशनल हॉकी लीगच्या क्लबांचे खेळाडू हेरणारे लोक बसले होते. बफेलोचा डॉन ल्यूस त्यांतला एक. तिथे त्याची आणि मोगिल्नीची गाठ पडली.

बफेलोने मोगिल्नीवर आधीच खूण करून ठेवली होती. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नव्या खेळाडूंवर हक्क सांगण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, सेबर्सनी पाचव्या फेरीत, ८९ व्या क्रमांकावर त्याचं नाव घेतलं. त्याची गुणवत्ता पाहता पहिल्या तिघांत यावं असं हे नाव. पण सोव्हिएत खेळाडूवर हक्क सांगणं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढण्यातला प्रकार होता. माणूस कधी येईल, येईल की नाही, काही भरवसा नाही. म्हणून क्लब शेवटच्या फेऱ्यांत, उरलेल्या संधींतली एखादी या नावांवर खर्च करत. पुढच्या वर्षी फेदोरोव्ह ७४ वा गेला, बुरे ११३ वा.

एप्रिल-मे १९८९ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा स्टॉकहोमला झाली. सोव्हिएत संघ एकही सामना न हरता जिंकला. परतीच्या आधी खेळाडूंना खरेदीला मोकळा वेळ मिळत असे. मॉस्कोत न मिळणाऱ्या वस्तू घरी न्यायची ती एकमेव संधी. त्याच सुमारास बफेलोत डॉन ल्यूसला फोन गेला. बोलणारा मध्यस्थ होता, कारण मोगिल्नीला इंग्रजी जवळपास येत नव्हतं. निरोप एवढाच, की पोरगा यायला तयार आहे. ल्यूस आणि सेबर्सचा सरव्यवस्थापक गेरी मीहन मिळेल त्या विमानाने स्टॉकहोमला निघाले. मोगिल्नी हॉटेलातून बाहेर पडला तो पुन्हा संघाकडे गेला नाही. मग एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात मुक्काम हलवत अमेरिकन प्रवेशाचे कागद होईपर्यंत काढलेले दिवस, आणि शेवटी न्यूयॉर्कचं विमान. नॅशनल हॉकी लीगसाठी पळून गेलेला हा पहिला सोव्हिएत हॉकीपटू. वय वीस. आईवडील खाबारोव्स्कला.

अमेरिकन वर्तमानपत्रांना या गोष्टीत स्वातंत्र्यदेवता दिसली, सोव्हिएत वर्तमानपत्रांना डॉलरची हाव. मोगिल्नीच्या नावापुढे लष्करी हुद्दा होता, त्यामुळे मायदेशी त्याच्यावर सैन्यातून पळाल्याचा ठपका आला. मला या दोन्ही कहाण्या सारख्याच उथळ वाटतात. मोगिल्नीने नंतर कधी राजकीय भाषणं ठोकली नाहीत, पुस्तकं लिहिली नाहीत, कोणत्याही बाजूचा झेंडा खांद्यावर घेतला नाही. त्याच्याच क्लबातल्या थोरल्यांनी काय मागितलं होतं? आपल्या कष्टाचे पैसे, आणि संध्याकाळी घरी जायची मुभा. ते पत्रं लिहून भांडत होते. हा विशीतला मुलगा लिहीत बसला नाही.

काळाची गंमत अशी, की दारं त्याच वेळी किलकिली होत होती. मार्च १९८९ मध्येच सर्गेई प्रियाखिन हा खेळाडू सरकारी परवानगीने कॅलगरी फ्लेम्सकडे गेला होता. उन्हाळ्यात बचावपटू फेतिसोव्ह आणि गाजलेल्या फळीतले लारिओनोव्ह, माकारोव्ह, क्रुतोव्ह रीतसर निघाले. पण ते सगळे पदकं जिंकून देऊन झालेले, तिशीच्या आसपासचे. विशीतल्या मोगिल्नीला तिखोनोव्ह यांनी सोडलं असतं असं कुणीही म्हणणार नाही. जुलै १९९० मध्ये फेदोरोव्ह अमेरिकेतल्या पोर्टलंडहून पळाला, १९९१ मध्ये बुरे गेला. त्या डिसेंबरात सोव्हिएत संघच राहिला नाही.

बफेलोत मोगिल्नीने ८९ नंबर घेतला. ड्राफ्टमधला क्रमांक ८९ आणि सुटकेचं सालही ८९. ५ ऑक्टोबर १९८९ ला क्वेबेक नॉर्डिक्सविरुद्ध तो पहिला सामना खेळला आणि विसाव्या सेकंदाला गोल करून मोकळा झाला. योगायोग असा, की क्वेबेकचा त्या दशकातला सर्वांत मोठा खेळाडू पीटर श्टास्नी हाही १९८० मध्ये चेकोस्लोव्हाकियातून असाच निसटून आलेला.

सुरुवात अशी धडाक्याची, पण पहिला हंगाम वाईट गेला. पासष्ट सामन्यांत पंधरा गोल. भाषा नाही, घरचं कुणी नाही, आणि त्यात विमानाची भीती बसली. खाबारोव्स्क-मॉस्को हेलपाटे घालत वाढलेल्या मुलाला ही भीती बसावी याचं आश्चर्य वाटतं, पण बसली. काही सामने त्यामुळे बुडाले, काही ठिकाणी क्लबाने त्याला रस्त्याने पाठवलं. टोरांटो बफेलोहून दीड-दोन तासांवर, तिथे ठीक आहे. पण ही लीग थेट लॉस एंजेलिसपर्यंत पसरलेली. शेवटी त्याने उपचार घेतले आणि तो पुन्हा विमानात बसू लागला. पुढच्या हंगामात तीस गोल, त्याच्या पुढच्यात एकोणचाळीस.

तो खेळायचा कसा? त्याच्या जुन्या चित्रफिती पाहताना दोन गोष्टींवर डोळा ठरतो. एक म्हणजे वेग पकडण्याची पद्धत. बहुतेक खेळाडू बर्फ ढकलत पुढे जातात, पाठ वाकलेली, श्रम दिसतात. मोगिल्नी वळणावर पायावर पाय टाकत तीन-चार आडव्या ढांगा घेतो आणि सरळ रेषेत येतो तोवर बचावपटू मागे राहिलेला असतो. अंगावर कुठे ताण दिसत नाही. दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. तो उजव्या बाजूला खेळायचा, पण स्टिक धरायचा डावखुरी. म्हणजे उजव्या कडेने आत येताना त्याच्या स्टिकचं पातं मैदानाच्या आतल्या बाजूला असे, गोलकडे तोंड केलेलं. डावीकडून पास आला की तो अडवायचा, सावरायचा आणि मग मारायचा असा वेळ जात नाही. आल्या चेंडूवर म्हणतात तसा आल्या पकवरच फटका. गोलची चौकट अवघी सहा फूट रुंद, चार फूट उंच, आणि तीही पॅड बांधलेल्या गोलरक्षकाने बहुतेक भरलेली. तिथे मिळणारी फट पापणी लवायच्या आत बुजते. मोगिल्नीचा मनगटी फटका सुटला हे गोलरक्षकाला कळायचं तेव्हा पक जाळीत असायचा. या बाजूने खेळण्याचा तोटाही आहे. कठड्यालगतचा पास उलट्या हाताने घ्यावा लागतो, तिथे चुका होतात, आणि अंगावर येणारा बचावपटू उशिरा दिसतो. विंगरने किती जोखीम घ्यायची हा त्याचा त्याचा प्रश्न.

ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅट लाफाँतेन हा सेंटर बफेलोत आला आणि मोगिल्नीला आपला माणूस मिळाला. लाफाँतेन अमेरिकन, चपळ, पास देण्यात राजा. दोघांची भाषा वेगळी, पण फेदोरोव्हबरोबर खेळताना जी शिकवण मिळाली होती तिला शब्द लागत नव्हते. पक जिथे आहे तिथे धावायचं नाही, जिथे येणार तिथे जायचं. १९९२-९३ च्या हंगामात लाफाँतेनचे १४८ गुण झाले, त्यांतले ९५ पास देण्याचे. मोगिल्नीने ७७ सामन्यांत ७६ गोल मारले आणि ५१ पास दिले. एकूण १२७ गुण.

आता या ७६ गोलांचं काय झालं पाहा. त्याच हंगामात विनिपेग जेट्सचा टीमू सेलाने, फिनलंडचा, पहिल्याच वर्षी खेळणारा, त्यानेही बरोबर ७६ मारले. नवख्या खेळाडूचा बॉसीचा ५३ गोलांचा विक्रम त्याने मोडला होता, त्यामुळे कौतुकाचा सारा ओघ तिकडे. हंगामाच्या सर्वोत्तम संघात उजव्या विंगची पहिली जागा सेलानेला, मोगिल्नी दुसऱ्या संघात. सर्वाधिक गोलांसाठी करंडक असतो तो मॉरिस रिचर्डच्या नावाचा, पण तो १९९८-९९ च्या हंगामापासून सुरू झाला. म्हणजे वाटून घ्यायलाही काही नव्हतं. प्लेऑफमध्ये बफेलोने बॉस्टनला चार सामन्यांत उडवलं, पण पुढच्या फेरीत माँट्रिअलविरुद्ध मोगिल्नीचा पाय मोडला आणि बफेलो चारही सामने एकेका गोलाने हरलं.

पुढच्या हंगामात लाफाँतेन दुखापतीने बाहेर होता. तेव्हा कर्णधाराचं ‘सी’ अक्षर मोगिल्नीच्या जर्सीवर आलं. या लीगमध्ये रशियन कर्णधार तोपर्यंत झाला नव्हता. पाच वर्षांपूर्वी ज्याला इंग्रजीत फोन करता येत नव्हता, त्याने पंचांशी वाद घालायचा.

याच काळात रशियन खेळाडूंमागे खंडणीखोर लागले होते. पैसे इथे मिळत होते, पण नातेवाईक तिथे. घाबरवायला तेवढं पुरे. मोगिल्नीलाही धमकी आली. तो पोलिसांकडे गेला, हे विशेष, कारण बरेच जण गप्प राहून पैसे मोजत होते. सोव्हिएत संघाबरोबर त्याच्यावरचा ठपकाही विरून गेला आणि १९९४-९५ मध्ये लीग बंद पडली होती तेव्हा तो मॉस्कोत स्पार्ताककडून एक सामना खेळून आला. १९९६ च्या विश्वचषकात रशियाची जर्सीही घातली.

१९९५ च्या उन्हाळ्यात बफेलोने त्याला व्हँकूव्हरला दिलं. तिथे बुरे होता. अँकरेजची अर्धी फळी पुन्हा जुळणार म्हणून लोक हरखले, तर बुरेचा गुडघा हंगामाच्या सुरुवातीलाच गेला. मोगिल्नीने एकट्याने ५५ गोल केले. नंतरची व्हँकूव्हरची वर्षं दुखापतींची, नाराजीची. संघ खालावत गेला आणि तोही. ती भरभर उलटून टाकण्याजोगी पानं आहेत.

मार्च २००० मध्ये तो न्यू जर्सी डेव्हिल्सकडे गेला आणि जूनमध्ये डेव्हिल्सनी डॅलसमध्ये स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. प्लेऑफच्या २३ सामन्यांत त्याचे गोल चारच. पण ऑलिंपिक सुवर्ण, जागतिक विजेतेपद आणि स्टॅनले कप हे तीनही मिळवलेले खेळाडू आजवर तीसच्या आसपास आहेत आणि त्यांत तो आला. पहिली दोन पदकं ज्या देशासाठी, तो देश आता नकाशावर नव्हता. पुढच्या हंगामात ४३ गोल, मग टोरांटोत तीन वर्षं. २००३ मध्ये सभ्य खेळासाठीची लेडी बिंग ट्रॉफी त्याला मिळाली. टोरांटोच्या खेळाडूला ती चाळीस वर्षांनी मिळत होती. २००४ मध्ये हजारावा गुण झाला, पण तोवर कंबरेच्या सांध्याने दगा द्यायला सुरुवात केली होती. विंगरचं सारं भांडवल त्या सांध्यात. ज्या आडव्या ढांगांची मी वर तारीफ केली, त्या तिथूनच निघतात. २००५ मध्ये न्यू जर्सीला परतला, ३४ सामने खेळला, मग पगाराच्या मर्यादेच्या गणितात त्याला दुय्यम लीगमधल्या अल्बनी संघात धाडलं गेलं. एकूण ९९० सामने, ४७३ गोल, १०३२ गुण. हजार सामन्यांना दहा कमी असताना तो थांबला. निरोपाचा सामना वगैरे काही झालं नाही.

तो खाबारोव्स्कला परतला आणि पुढे तिथल्या अमूर क्लबाचा अध्यक्ष झाला. अमूर रशियन लीगमध्ये खेळतो. जवळचा म्हणावा असा प्रतिस्पर्धी व्लादिवोस्तोकचा, साडेसातशे किलोमीटरवर. बाकी बहुतेक सगळे संघ उरल पर्वताच्या आजूबाजूला आणि पलीकडे. जगात या खेळात सर्वांत जास्त विमानप्रवास करणाऱ्या संघांत अमूरची गणना होते, आणि त्याचं वेळापत्रक मोगिल्नीच्या टेबलावर आलं.

दरम्यान टोरांटोतल्या हॉल ऑफ फेममध्ये एकेक रशियन दाखल होत होता. फेतिसोव्ह २००१ मध्ये, आधीच्या पिढीतला, अपघातात गेलेला खार्लामोव्ह २००५ मध्ये, लारिओनोव्ह २००८ मध्ये. मोगिल्नी २००९ पासून पात्र होता. २०१२ मध्ये बुरे गेला, २०१५ मध्ये फेदोरोव्ह, २०१६ मध्ये माकारोव्ह. २०१७ मध्ये सेलाने. दर जूनमध्ये बफेलो आणि व्हँकूव्हरचे जुने प्रेक्षक तोच प्रश्न विचारायचे. उत्तर देणारा कुणी नव्हता, कारण निवड समितीच्या अठरा जणांपैकी चौदांची मतं लागतात आणि कुणी कुणाला मत दिलं हे बाहेर येत नाही. मोगिल्नी स्वतः वार्ताहरांच्या वाऱ्याला उभा राहणारा नव्हे. मुलाखती देत, जुने सोबती गाठत, आपली आठवण ताजी ठेवण्याचा जो एक उद्योग असतो, तो त्याने केला नाही.

जून २०२५ मध्ये जो थॉर्नटन, झ्देनो हारा आणि डंकन कीथ यांच्यासोबत त्याचं नाव जाहीर झालं. तो ५६ वर्षांचा होता. तोवर त्याच्या ७६ गोलांना बत्तीस वर्षं झाली होती आणि या लीगमध्ये एका हंगामात त्याहून जास्त गोल त्यानंतर कुणी केलेले नव्हते. ऑस्टन मॅथ्यूज २०२३-२४ मध्ये ६९ वर थांबला. ग्रेट्झ्कीचा एकूण गोलांचा विक्रम मोडणाऱ्या अलेक्झांडर ओव्हेच्किनचा सर्वोत्तम हंगाम ६५ चा.